कुजबुजीपुरता गोंगाट

हॉटेलात जेवायला गेले की मी आधी मेन्यू उघडत नाही, छताकडे बघते. छत उंच असेल, फरशी गुळगुळीत असेल आणि रस्त्याच्या बाजूला सगळी काच असेल, तर तिथलं सूप कितीही उत्तम असो, ते पिताना माणसाला समोरच्यावर खेकसावं लागणार. मग समोरचाही खेकसणार. त्या दोघांमुळे पलीकडचं टेबल आवाज चढवणार आणि अर्ध्या तासात जेवणघराचा बाजार होणार. अशा खोल्या मी गप्प करते. माझा धंदा तोच आहे.

लोकांना पटत नाही. "म्हणजे नक्की काय करता?" असं विचारतात. मी सांगते, मी ऐकते आणि आमचे हे ठोकतात. हे म्हणजे माझा नवरा, हाडाचा सुतार. लाकडी पट्ट्या, त्यांच्यामागे फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर, वर कापड, अशी पॅनेलं तो बनवतो आणि मी सांगेन तिथे बसवतो. कुठे बसवायची हे सांगायला कान लागतात, आणि माझ्या कानांविषयी मी विनय बाळगत नाही. दोन खोल्या पलीकडे दुधाला उकळी फुटायच्या बेतात असली तरी मला कळतं. गंमत अशी, की गावातल्या दवाखान्यांपासून वाचनालयापर्यंत सगळ्यांना शांत करणाऱ्या ह्या माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे भोंगा म्हणतात. जन्मभर करवतीशेजारी उभं राहून त्याचा आवाज असा झालाय, की त्यानं घरात मीठ मागितलं तर शेजारीण आणून देते.

तर शहरातून फोन आला. मोठं शहर, आणि फोन करणाऱ्या मालकीणबाईंची तिथे एकूण सात जेवणघरं. सगळ्यात नवं जेवणघर त्यांनी जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत थाटलं होतं. दिसायला दृष्ट लागेल असं, पण लोक जेवायचे आणि गोड न मागवताच पळायचे. वाढप्यांचे घसे बसले होते. "हे एक करून दाखवा," मालकीणबाई म्हणाल्या, "जमलं तर बाकीची सहाही तुमची. आणि ह्याच इमारतीत वर एक खोली आहे, ती ऑफिस म्हणून देते. तुमच्या नावाची पाटी लावा."

मला ते काम हवं होतं. मिळालं तर मिळालं, नाहीतर काय बिघडलं, असलं बोलणं मला जमत नाही. मी फोन ठेवला आणि त्या पाटीवरची अक्षरं किती मोठी असावीत ह्याचा विचार करत बॅग भरायला घेतली.

प्रवास मला आवडतो. खिडकी मिळाली नाही म्हणून मी भांडत नाही, मला डब्याच्या मधली जागा पुरते. तिथे चारही बाजूंचं ऐकू येतं. शहर जवळ यायला लागलं की माणसांचं बोलणं भरभर होतं, वाक्यं आखूड होतात, आणि ज्यांनी सगळा प्रवास घोरत काढला तेही अचानक महत्त्वाचे फोन करायला लागतात. उतरल्यावर स्टेशनातच उभ्या उभ्या मी कॉफी प्यायले, शेजारच्या दोन माणसांचा जागेचा सौदा ऐकला, तो फसणार हे ओळखलं आणि खुशीत बाहेर पडले. शहर मला पहिल्या पावलापासून मानवलं.

उतरले मी चिमणीकडे. चिमणी म्हणजे माझी धाकटी नणंद. हे नाव तिला लहानपणीच पडलं, कारण त्या घरात लहान आवाज तेवढा तिचाच होता. माझ्या सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीत काढली, त्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी सगळे मोठ्यानं बोलतात, आणि सगळे मोठ्यानं बोलतात म्हणून नवीन येणाराही तसंच बोलायला लागतो. त्या घरात गुपित नावाची वस्तू टिकतच नाही. ह्यांनी मला लग्नाचं विचारलं ते अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन, अगदी हळू आवाजात, म्हणजे ह्यांच्या हिशेबानं हळू. मी उत्तर द्यायच्या आत समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला आणि "हो म्हणून टाका!" असं ओरडला. मी हो म्हटलं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

चिमणी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या कवळ्या, दातांवरच्या टोप्या, असलं सगळं ती बनवते, आणि तिचा हात इतका साफ आहे की डॉक्टर नाव सांगून तिच्याकडूनच काम मागतात. तिचा नवरा तरणतलावावर पोहायला शिकवतो. दिवसभर त्या घुमणाऱ्या छताखाली मुलांवर ओरडून आलेला हा माणूस घरी आला की मुका. मी त्याला जावईबापू म्हणते. तो हसतो आणि वर्तमानपत्र उघडतो. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा, भिंती पातळ. पहिल्याच संध्याकाळी पलीकडच्या बिऱ्हाडात मुलाच्या मार्कांवरून रामायण झालं ते मी इथे बसून पुरतं ऐकलं.

"बरं चाललंय की मनोरंजन," मी म्हणाले.

"त्यांनाही आपलं असंच ऐकू येतं, वहिनी," चिमणी म्हणाली. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत गेले. दारात कॅप्टन भेटले. सगळ्या वाढप्यांचे प्रमुख, काळा कोट, एका खिशात पेन आणि दुसऱ्या खिशात घशाच्या गोळ्या. त्यांनी माझं स्वागत केलं ते जवळजवळ खाणाखुणांनीच. मी आधी रिकाम्या दालनात मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली आणि डोळे मिटले. टाळी छताला गेली, काचेवर आपटली, खांबाला वळसा घालून परत आली आणि रेंगाळली. मग पुढे सरकून दुसरी वाजवली.

"टाळ्या वाजवायचे पैसे घेता का?" मागून आवाज आला. ते मालकीणबाईंचे धाकटे भाऊ. धंद्यात निम्मे भागीदार, त्यांना सगळे बंधू म्हणायचे. बारीक मिशी, बारीक डोळे आणि समोरच्याच्या बारीकसारीक चुका काढायची हौस.

"टाळ्या फुकट आहेत," मी म्हणाले. "ऐकायचे घेते."

मालकीणबाई हसल्या, बंधू हसले नाहीत. तिथेच आमचं सूत जुळलं नाही ते नाहीच.

त्यानंतर मी रोज तिथे जेवले. दुपारी काचेजवळ, संध्याकाळी खांबाआड, एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी. भाजलेला मासा, लोण्यातले बटाटे, एक लिंबाचं कस्टर्ड होतं त्याला तर तोड नव्हती. डोळे मिटून एकटीच जेवणारी बाई बघून वाढपी हळहळायचे. एकानं तर माझ्यापुढे न मागवलेलं कस्टर्ड ठेवलं आणि "होईल सगळं ठीक" असं म्हणून गेला. मी ते खाल्लं.

मग टेम्पोत पॅनेलं घालून हे आले. सकाळी जेवणघर उघडायच्या आत काम करायचं असं ठरलं होतं. सगळं छत आम्ही भरून काढलं. काचेला जाड पडदे, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या, टेबलांच्या पोटाला फोम. स्वयंपाकघराच्या दाराला आणि पदार्थ बाहेर देण्याच्या खिडकीला रबरी कड. कॉफीचं यंत्र कुरकुरायचं, ते आत हलवलं. काम संपल्यावर मी मधोमध उभी राहिले आणि टाळी वाजवली. ती माझ्या तळहातांतच राहिली, परत आलीच नाही. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना मिठी मारली, आणि शिडीवरच्या इलेक्ट्रिशियननं तोंड फिरवलं.

पहिले काही दिवस नुसतं कौतुक. लोक आत यायचे आणि दारातच थांबून "वा!" म्हणायचे. कॅप्टनचा घसा सुटला आणि कळलं की ह्या माणसाचा आवाज फार गोड आहे. मालकीणबाईंनी वरची खोली उघडून दाखवली. एक खिडकी चौकावर उघडत होती, खाली दिवसभर रहदारी आणि समोर फुलवाल्याची टपरी. मी भिंतीवर बोटानं चौकट आखली. "पाटी इथे," मी ह्यांना म्हणाले. "आणि सागाचीच हवी."

कारखाना बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून हे गावी परतले. मी बाकीची सहा जेवणघरं बघत शहरभर हिंडले. पायी, ट्राममधून, पुन्हा पायी. शहरात माणूस एकटा जेवतो तेव्हा कुणाला त्याची कीव येत नाही, हे मला फार आवडलं. कोपऱ्यावरच्या टपरीत उभ्यानं खायचं, बाकावर बसून फळं खायची, मोठ्या हॉटेलात रुमाल मांडीवर घेऊन खायचं, आणि कुठेही कुणी विचारत नाही की ह्या बाईचं माणूस कुठे आहे. इथे राहायचं, ह्याबद्दल माझ्या मनात आता काडीची शंका उरली नव्हती.

आणि बंधूंचा फोन आला. "या आणि बघा तुमची करामत."

गेले. जेवायची ऐन वेळ आणि टेबलं निम्मी रिकामी. जी भरलेली होती तिथली माणसं शाळेत बाई वर्गावर आल्यासारखी बसली होती. खाली मान घालून जेवत होती. मधूनच कुणी तोंडावर हात धरून काहीतरी कुजबुजायचं आणि लगेच इकडेतिकडे बघायचं. चमचा बशीला लागला तर चमचेवालाच दचकायचा.

कॅप्टननं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. एका संध्याकाळी खिडकीजवळच्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं, त्यातली बाई वेगळं व्हायचं म्हणाली, अगदी शांतपणे, आणि सगळ्या जेवणघरानं चावायचं थांबवलं. दुसऱ्या दिवशी एक माणूस मित्राला सांगत होता की मी ही नोकरी सोडतोय, आमचा साहेब म्हणजे निव्वळ डोकेदुखी. तो साहेब मागच्या टेबलावर पाठ करून बसला होता. दोघेही कॉफी न पिता गेले, वेगवेगळ्या दारांनी. बाहेर बोभाटा झाला होता की जेवण झकास आहे, पण तिथे बोलायची सोय नाही.

"आधी लोकांना समोरच्याचं ऐकू येत नव्हतं," बंधू म्हणाले, "आता सगळ्यांचं सगळं येतं. ह्यापेक्षा गोंगाट परवडला. मी तर म्हणतो, सगळं उपटा आणि हिशेब मिटवा."

माझा पारा चढला. "ज्याला लपवायचंय त्यानं घरी जेवावं! चारचौघांत बसायचं आणि चारचौघांनी ऐकू नये म्हणायचं, हा कुठला न्याय?"

"गिऱ्हाईक असंच असतं," मालकीणबाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "तुमच्यावर माझा भरवसा आहे. पण अर्धा धंदा ह्याचा आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं इथेच जेवायला बसू आणि ठरवू. तोवर काय करायचं ते करा."

मी तणतणत चिमणीच्या घरी आले. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, जावईबापू पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्रामागे. मी सगळी हकिगत माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितली. गिऱ्हाइकांना, बंधूंना, त्या साहेबाला आणि नोकरी सोडणाऱ्या त्या माणसालाही शिव्या घातल्या. चिमणीनं ऐकून घेतलं. मग तिनं सुरी ठेवली, हात पुसले आणि ओट्यावरचा धूर ओढणारा पंखा चालू केला. जुना पंखा, चांगला घरघरणारा. गॅसवर तर काहीच नव्हतं.

"हा कशाला?" मी विचारलं.

ती माझ्या कानाशी आली. "वहिनी, मला दुसऱ्या शहरात बोलावलंय. नवी प्रयोगशाळा आहे, समुद्राकाठी. सगळी माझ्या हाताखाली. ह्याला अजून सांगितलं नाही."

"काय सांगतेस! प्रयोग..."

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. कांद्याचा हात, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पंखा घरघरत राहिला. पलीकडे वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

"का नाही सांगितलंस?" मी शक्य तितकं हळू विचारलं.

"आधी माझं मलाच ठरवायचंय. शिवाय इथे बोलले तर पलीकडची बिऱ्हाडं सल्ला द्यायला येतील." ती हसली, आणि मग हसायची थांबली. "तुम्हाला नाही कळायचं. तुम्हा सगळ्यांना चालायचं सगळ्यांनी सगळं ऐकलेलं. मला नाही चालायचं. लहानपणी मला रडू आलं ना, की मी दादाच्या करवतीशेजारी जाऊन बसायचे. करवत चालू असेपर्यंत रडून घ्यायचे. दादाला वाटायचं मला लाकडाचा वास आवडतो."

मला फार वाईट वाटलं. ती गोष्ट ह्यांनी मला कितीदा हसत सांगितली होती, चिमणी कशी तासन् तास करवतीपाशी बसायची म्हणून. मी तिचा हात धरला.

पण त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, माझं डोकं चालायला लागलं होतं. पंखा. करवत. ह्या घरघरीच्या आड ही पोरगी आयुष्यभर बोलत आणि रडत आली होती, आणि मी एवढ्या कानांची बाई, मला गोंगाट म्हणजे नुसता काढून टाकायचा कचरा वाटत होता. घरी आम्हाला कुणालाच काही लपवायचं नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी मिळून सगळ्या शहराला आमच्या घरात आणून बसवलं होतं. त्या बिचाऱ्यांना घास गिळेना ह्यात नवल कसलं?

"हा पंखा केवढ्याचा गं?" मी विचारलं.

"वहिनी!" चिमणी म्हणाली.

मी ह्यांना फोन लावला. "या परत. काढायचंय."

"लावायचं पण तूच सांगतेस आणि काढायचं पण तूच," हे गरजले. फोन मी कानापासून लांब धरला तरी पलीकडच्या बिऱ्हाडाला ऐकू गेलं असणार. "सगळं?"

"मधलं. कडेचं राहू द्या."

आल्यावर ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण मी समजावलं तसं हळूहळू ते सरळ झालं. दालनाच्या मधल्या भागावरची पॅनेलं आम्ही उतरवली. तीच कापून प्रत्येक टेबलाच्या मागे, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीचे आडोसे उभे केले. म्हणजे समोरच्याचं बोलणं समोर पोचेल, आणि मागे जाईल ते वर जाऊन सगळ्यांच्या बोलण्यात मिसळेल. स्वयंपाकघराच्या खिडकीची रबरी कड काढली. झाऱ्यांचा, ताटल्यांचा, फोडणीचा थोडा आवाज येऊ दिला. आणि कॉफीचं कुरकुरं यंत्र आतून उचलून दालनाच्या बरोबर मधोमध, गोल कट्ट्यावर आणून ठेवलं. कॅप्टन बघत राहिले.

"बाई, हेच तर आत नेलं होतंत."

"तेव्हा मी शहाणी होते," मी म्हणाले.

ह्यांना मी करवतीची गोष्टही सांगितली. काम चालू असतानाच सांगितली, म्हणजे त्यांना काहीतरी ठोकत राहता येईल. त्यांनी बराच वेळ एकच खिळा ठोकला. मग म्हणाले, "मला वाटायचं तिला लाकडाचा वास आवडतो." आणि तेवढं मात्र हळू म्हणाले.

शनिवारी जेवणघर भरलं. मालकीणबाईंनी नव्यानं लोकांना बोलावलं होतं, शिवाय मी चिमणीला आणि जावईबापूंना आमच्यातर्फे जेवायला बोलावलं. चिमणीनं प्रयोगशाळेतून फोन करून विचारलं होतं, "तिथे नक्की बोलता येईल?" घरी पंखा लावून बोलायची सोय उरली नव्हती. पंखा लागला की काहीतरी शिजतंय हे जावईबापूंना आता कळायला लागलं होतं. "येईल," मी सांगितलं होतं. म्हणजे आता माझा शब्द दोन टेबलांवर पणाला लागला होता.

त्या दोघांना मी खांबाजवळ बसवलं, आमच्यापासून दोन टेबलं सोडून. बंधूंनी आम्हाला मुद्दाम स्वतःच्या शेजारच्या टेबलावर बसवलं. मधे फक्त आडोसा, आणि माझी पाठ त्यांच्याकडे. "आम्ही इथेच बोलून ठरवणार," ते म्हणाले, आणि त्या मिशीखाली काहीतरी हललं. मला कळलं, ह्या माणसाला मी ऐकत असताना माझा निकाल लावायचाय. लावा म्हटलं. मी ताठ बसले.

सूप आलं. मी कान लावले. कॉफीचं यंत्र कुरकुरलं. चमचे, ताटल्या, कुठेतरी खुर्ची सरकली, काचेजवळ मुलं हसली. आणि ह्या सगळ्याखाली माणसांच्या बोलण्याची एक अखंड गुणगुण. बंधूंचा आवाज त्यात होता, मालकीणबाईंचाही होता, मला दोन्ही ओळखू येत होते. पण शब्द म्हणाल तर एकही हाती लागेना.

आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं. माझ्या कामाचं, माझ्या खोलीचं, त्या सागाच्या पाटीचं माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर काय होतंय ते मला कळत नव्हतं. सासूबाईंसारखे माझेही कान गेले की काय, अशी धडकीच भरली.

"काय म्हणताहेत?" मी ह्यांना विचारलं. ह्यांचं तोंड त्यांच्याकडे होतं.

"मला काय विचारतेस? कान तुझे." हे पाव मोडत होते. "तो हात हलवून बोलतोय. तुझ्याकडे बोट दाखवतोय."

"माझ्याकडे? कसं?"

"चांगलं नाही दाखवत."

तिकडे खांबाजवळ चिमणी पुढे वाकून बोलत होती. जावईबापूंनी काटा खाली ठेवला होता. ते ऐकत होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता, पण त्यावरून काही कळत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघू, की पाठीमागे, हे मला समजेना. पाण्याचा पेला उचलला, न पिताच परत ठेवला.

खुर्ची सरकली आणि बंधू आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मागोमाग मालकीणबाई.

"मघाशी मी तुम्हाला भामटी म्हणालो," बंधू म्हणाले. "ऐकलंत ना?"

"काय म्हणालात?"

"भामटी. दोनदा. तुमची पाठ होती, म्हणून जरा मोठ्यानंच. नंतर म्हणालो, हिचा नवरा सुतार कसला, ह्याला रंधा सरळ धरता येत नाही."

हे उठून उभे राहिले. मीही उठले. माझ्या तोंडात जे आलं होतं ते मी इथे लिहीत नाही. पण मालकीणबाईंना हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बसा हो, बसा दोघं! मीच ह्याला म्हटलं होतं. म्हटलं, ह्या बाईच्या नाकावर राग असतो. जिव्हारी लागेल असं बोल, आणि ऐकू आलं तर ती वळल्याशिवाय राहायची नाही."

"वळला नाहीत," बंधू म्हणाले. पराभव कबूल करायची त्यांना सवय नसावी, ते मिशी चाचपत होते. "मान तसूभरही हलली नाही. मी नीट बघत होतो."

"मग?" मी म्हणाले.

"मग काय, बाकीची सहाही घ्या. आणि ते भामटी वगैरे मी मागे घेतो."

"सहाही?" हे ओरडले. अगदी कारखान्यातला आवाज, घरात असता तर समोरचा न्हावी पुन्हा दारात आला असता. मी दचकून आजूबाजूला बघितलं. शेजारच्या बाईनं एकदा मान वर केली आणि पुन्हा बोलायला लागली. पलीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. ते बघितलं आणि माझा ऊर भरून आला. हुंदकाही आला, आणि तोही कुणाला ऐकू गेला नाही.

मालकीणबाई कस्टर्ड पाठवते म्हणून गेल्या. मी डोळे पुसले आणि खांबाकडे बघितलं. आता जावईबापू बोलत होते. दिवसभर ओरडून घरी मुका होणारा तो माणूस बोटानं टेबलक्लॉथवर काहीतरी आखून दाखवत होता. किनारा असेल, रस्ता असेल, घराच्या खोल्या असतील. चिमणी मधेच त्याला थांबवून काही सांगत होती, भरभर, हात हलवून. आमच्या घरात इतकी वर्षं मिळून ती जेवढं बोलली नसेल तेवढं ती तिथे बोलली. त्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत आलं नाही.

ह्यांनी मान उंच करून तिकडे बघितलं. "काय म्हणतेय गं ती?"

"आपल्याला काय करायचंय," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघतच राहिले. आमच्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसणार. मग त्यांनी आपली खुर्ची फिरवली, बहिणीकडे पाठ केली, आणि आम्ही दोघं थंड झालेलं सूप प्यायला लागलो.